मशीनला लावलेला कौल

मशीनला माणूस ओळखता येतो का? तुम्ही म्हणाल, हा काय येड्यासारखा प्रश्न! लोखंडाचा डबा तो, त्याला काय कळणार आपला कोण आणि परका कोण. बरोबर. लवूकाकाही हेच म्हणायचा. तिथेच तर फसला.

लवूकाका आमच्या लालबागच्या चाळीतला, माझ्याच मजल्यावरचा. माटुंग्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत शिपाई होता, आता रिटायर. सगळी नोकरी मीटर आणि तराजू पुसण्यात गेली, त्यामुळे त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माणूस खोटा बोलतलो, काटो बोलाचो नाय." भाजीवाल्याशी तो कधी भांडला नाही. नुसता तराजूकडे बघत उभा राहायचा. भाजीवाला आपणहून एक वांगं वाढवायचा.

पण चाळीत त्याला मान होता तो आवाजामुळे. सव्वीस जानेवारीला चाळीची सत्यनारायणाची पूजा असते, तेव्हा देवाला गाऱ्हाणं घालायचं काम त्याचं. 'बा देवा म्हाराजा' म्हणून त्याने सुरुवात केली की समोरच्या टॉवरमधले लोक गॅलरीत यायचे. कोणाच्या पोराची नोकरी, कोणाच्या पोरीचं लग्न, तिसऱ्या मजल्यावरची तुंबलेली मोरी, सगळं तो देवाच्या कानावर घालायचा. आम्ही खाली उभे राहून प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' ओरडायचो.

यंदा पूजा तोंडावर आली आणि काका म्हणाला, "गाऱ्हाणा दुसऱ्या कोणाक तरी घालूक सांगा."

त्याच संध्याकाळी गंगुबाईकाकी, म्हणजे त्याची बायको, माझ्या दारात उभी.

"तू मोर्चे काढतंस ना रे? मग ह्या माणसाक त्या दुकानातून भायर काढ."

"काकी, पैसे बरेच गेले का?"

"पैशे गेले ते गेले. पण हो माणूस देवासमोर उभो रवणा नाय. म्हणता, देवान माका टाकल्यान. असो घरात बसलो तर मरात रे तो."

दुकान मला माहीत होतं. बोर्डावर 'व्हिडिओ गेम पार्लर' आणि उड्या मारणाऱ्या एका माकडाचं चित्र. आत माकड नाही की पोर नाही. रांगेने मशीन, पडद्यावर गरगर फिरणारी फळं आणि लाल सात. तीन सात एका ओळीत आले की पैसे. मी त्याविरुद्ध अर्ज टाकला होता. 'मुलांचा खेळ आहे' असं उत्तर आलं. मुलांचा खेळ! मग दाराला काळा पडदा कशाला रे बाबांनो?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पडदा सारून मी आत गेलो. काका कोपऱ्यातल्या स्टुलावर. गल्ल्यावर स्वप्नील, शेजारच्या गल्लीतला, दोन पोरांचा बाप. येणाऱ्या प्रत्येकाला काका, मामा करणारा.

"काका, उठा. घरी चला."

"थांब जरा. पाकळी लटाकलीहा."

त्याने बोट दाखवलं. दोन सात ओळीत थांबलेले, तिसरा रेषेच्या जराच वर.

कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे गावच्या देवळात कौल लावतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एखादी पाकळी अर्धी सुटून तशीच लोंबकळत राहते. तेव्हा कोणी हलत नाही. देव विचार करतोय म्हणतात. थांबायचं, पुन्हा विनवायचं.

काका मशीनला कौल लावत होता!

"काका, हा काय देव आहे?"

"देव नाय रे. पण यंत्र खोटा बोलणा नाय. माझा नशीब काय ता ह्या दाखवता. रोज लटाकता आणि रोज डावी पडता. म्हणजे माझाच काय तरी चुकला असतला."

मी त्याला झापायला गेलो होतो. हावरट म्हातारा म्हणून दोन शब्द तयारही ठेवले होते. पण हा माणूस तिथे बसून माफी मागत होता. एका डब्याकडे.

मग माझा राग स्वप्नीलवर निघाला. "तुमचं मशीन आमच्याच लोकांना कापतंय. रोज येणारे सगळे रिकाम्या हाताने!"

"दादा, आवाज खाली. मशीनला काय माहीत लोकल कोण ते? सगळ्यांना सेम."

एवढ्यात खांद्यावर बॅग अडकवलेला एक माणूस आत आला. कधी न पाहिलेला. काकाच्या शेजारी बसला, थोडा वेळ खेळला आणि मशीन घंटेसारखं वाजायला लागलं. तीन सात. स्वप्नीलने नोटा मोजून दिल्या, तो हसत निघून गेला.

काकाचा चेहरा बघवत नव्हता. "बघ. त्येका पावलो."

स्वप्नील वाईट पोरगा नाही, हे मला मान्य करावं लागेल. त्याला खरंच कळवळा आला. म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका काका. नवीन माणूस आहे, पहिल्या दिवशी थोडं सोडावं लागतं. तुम्हालाही सोडू एकदा."

काका स्टुलावरच हळूच वळला.

"काय म्हणालंस?"

"कुठे काय?"

"सोडू म्हणालंस. कोण सोडतलो?"

"म्हणजे... सोडतं. मशीन सोडतं."

"'सोडतं' नाय म्हणालंस. 'सोडू' म्हणालंस. मी बहिरो नाय."

दुकानातली दोन-चार डोकी वर झाली. काका उभा राहिला, आणि बऱ्याच महिन्यांनी मी त्याचा खरा आवाज ऐकला.

"जल्मभर कौल बघीत इलंय मी. पाकळी लटाकता ती वर्साक एखादी. हय घडयेघडयेक लटाकता! आणि माका वाटला देव इचार करता. गोंद लावन ठेवलास काय रे पाकळेक?"

"काका, मी नोकर माणूस. सेटिंग वरून होऊन येतं."

"मग पाठचो पत्रो खोल. दाखव."

"चावी शेटकडे असते."

"गाभाऱ्याची चावी पण गुरवाकडेच आसता. पण कौल भर लोकांत लागता!"

एक जण खो-खो हसला आणि उठून बाहेर पडला. बाकीचे पुन्हा पडद्याकडे वळले. गोड शेवटाची सवय असेल तर ती इथे सोडा.

काका त्या दिवशी माझ्याबरोबर घरी आला. नंतर दोनदा मी त्याला त्याच पडद्यापाशी घुटमळताना पकडलं. शिव्या घातल्या, प्रभादेवीपर्यंत चालत नेलं, चहा पाजला. हात शिवशिवतो म्हणाला. शिवशिवणारच. पण 'देवान माका टाकल्यान' हे वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा आलं नाही. सव्वीस जानेवारीला तो उभा राहिला. पहिल्याच ओळीला अडखळला, तेव्हा गंगुबाईकाकीने आमच्या आधी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. बायका सहसा म्हणत नाहीत. मग काका थांबला नाही.

दुकान अजून चालू आहे. माझा नवा अर्जही कुठल्यातरी टेबलावर पडून आहे. गोव्याच्या कॅसिनोत जाऊन आलेले मला ऐकवतात, तिथलं मशीन कसं कायद्याचं. असेल. पण तेही मालकानेच मांडलेलं, त्याचं पोट भरायला. तिथे एसी असतो, एवढाच फरक मला दिसतो. आणि आत बसलेला प्रत्येक जण समजतो की खोट आपल्याच नशिबात आहे.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गल्लीत असा काळा पडदा असेल तर तो एकदा बाजूला करा. आत बसलेल्या आपल्या माणसाला नावाने हाक मारा. आणि त्याच्या देखत गल्ल्यावरच्याला विचारा, "कोण सोडतं?" उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.