देवाच्या नावानं सोडलेलं एक

खुर्ची रिकामी होती.

ऋतुजानं खाली पडलेली चित्रांची पत्ती उचलली, मान वर केली, तर समोर ती एवढीशी निळी खुर्ची आणि तिच्यावर कोणी नाही. खोली तरी केवढी म्हणता, मांजर लपलं तर शेपूट बाहेर दिसावं. पण पाच वर्षांची आरोही त्या खोलीत नव्हती. बाहेरच्या हॉलात नव्हती. आणि हॉलाचं दार, पाण्याचा जार ठेवून गेलेल्या माणसानं जसं सोडलं होतं तसं, सताड उघडं होतं. दारापलीकडं एप्रिलचं सोलापूरचं ऊन, आणि उन्हापलीकडं ट्रकांचा रस्ता.

ऋतुजानं ओरडायला तोंड उघडलं तर जीभ टाळ्याला चिकटलेली. कारण एक गोष्ट तिला ठाऊक होती, त्या बंगल्यात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. जाराच्या माणसानं दार आज उघडं टाकलं असेल, पण ते उघडलं होतं हिनं. तीन दिवस बसून, पेन्सिलीनं.

आता हे कसं, ते सांगायला मागं जावं लागतं. पण पोरगी उन्हात असताना फार मागं जाण्यात अर्थ नाही, तेव्हा भराभरा सांगितलेलं बरं.

ऋतुजा सांगोल्याच्या पलीकडच्या माळावरची, मेंढरं राखणाऱ्या येडूची लेक. बी.ए. करायला सोलापुरात आली आणि जुळे सोलापुरातल्या एका बंगल्यात कामाला लागली. ज्या लेकरांना बोलायला, बसायला, मागायला अवघड जातं त्यांचं ते केंद्र. कामाचं नाव लांबलचक, वर्तन-उपचार तंत्रज्ञ. तिथं सगळे नुसतं टेक्निशियन म्हणत.

"टेक्निशियन म्हंजी मोटारी दुरुस्त करत्यात त्येच का गं?" गावाकडं आजीनं, म्हाळसाबाईनं विचारलं होतं.

"न्हाय गं आजी. लेकरांना शिकवायचं."

"मग मास्तरीण म्हन की सरळ."

"मास्तरीण न्हाय. एका लेकरासंगं एकानं बसायचं. हात धुवायचं एक काम, त्येचं धा तुकडं करायचं, एकेक तुकडा शिकवायचा. जमलं की लगीच शाबासकी. आन् समदं लिवून ठेवायचं, किती येळा जमलं, किती येळा न्हाय. मोजायचं."

मोजायचं म्हटल्यावर म्हाळसाबाईनं पानाचा डबा ओढला. पानाला चुना लावत बसली.

हे काम असं उगाच कोणाच्या हाती देत नाहीत. आधी चाळीस तासांचे धडे. मग मोठ्या मॅडमच्या, वैजयंती मॅडमच्या, नजरेखाली काम. मग पारख, म्हणजे मॅडम शेजारी बसून बघणार, खरंच येतं का. त्यात उतरलं तर संगणकावर परीक्षा, आणि मग प्रमाणपत्र. ऋतुजा पारखेलाच दोनदा आपटली. बाकी सगळं तिला येई. आरोही बाकी कोणाच्या वाऱ्याला उभी राहत नसे, हिच्याजवळ मात्र बसे. अडत होतं एकाच ठिकाणी. आरोही दाराकडं किती वेळा पळते हे वैजयंती मॅडम आपल्या कागदावर मोजत, ऋतुजा आपल्या. दोघींचा आकडा जुळायला हवा. मॅडमचे सहा, तर हिचे पाच. मॅडमचे चार, तर हिचे तीन. दर वेळी एक कमी.

"लक्ष कुठं असतं तुझं?" मॅडम म्हणायच्या. "तिसऱ्यांदा असंच झालं तर मला तुझं नाव पुढं पाठवता येणार नाही. कळतंय ना?"

कळत होतं. तिसरी पारख महिनाअखेरीला होती. आणि लक्ष जागेवरच होतं. हातच थांबत होता.

येडूच्या घरात मेंढरं पुरी मोजत नाहीत. शेवटचं एक सोडायचं, ते देवाच्या, बिरोबाच्या नावाचं. ऋतुजा नऊ वर्षांची असताना शाळेत शंभरापर्यंत आकडे शिकून आली, आणि शहाणपण दाखवायला तिनं वाघरातली, म्हणजे जाळीच्या कुंपणातली, कोकरं मोठ्यानं मोजली. बेचाळीस. शेवटच्यासकट. चौथ्या दिवशी सकाळी वाघराची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली, लांडगा येऊन गेलेला, आणि सात कोकरं नाहीत. येडूनं तिला हात लावला नाही. म्हाळसाबाई एवढंच म्हणाली, "मोजलं की मोडलं, बाय."

मारलं असतं तर विसरली असती. मारलं नाही म्हणून ते हाडात जाऊन बसलं.

तेव्हा आरोही पळाली की हिची पेन्सिल रेघ ओढायची, पण दिवसातली शेवटची रेघ ओढायची वेळ आली की मनगट आखडायचं. पोरीला दृष्ट लागेल. एक सोडलेलं बरं. देवाचं काय, तो सोडलेलं घेतो. कागद सोडलेलं खपवून घेत नाही, आणि दारही नाही.

आरोहीच्या फायलीत लिहिलं होतं, लागोपाठ तीन दिवस पळणं दोनवर किंवा दोनच्या खाली आलं की दारातला पहारा काढून बघायचा. पहारा म्हणजे बजाबाई, केंद्रातली मावशी, दारात स्टूल टाकून बसलेली. सोमवारी आरोही तीनदा पळाली. मंगळवारी तीनदा. बुधवारी तीनदा. कागदावर दोन, दोन आणि दोन.

बुधवारी संध्याकाळी मॅडम खुशीत होत्या. "बजाबाई, उद्यापासून स्टूल आत."

"बरं झालं बाई," बजाबाई म्हणाली. "दारात बसून बसून लोकं मलाच कुंकू लावायला लागली असती."

सगळ्या हसल्या. ऋतुजाही हसली, आणि मग तिला कागद आठवला. बोलावं? बोललं तर कळणार की कागद खोटा आहे. चाळीस तासांतला पहिला धडाच तो होता, कागदावर खोटं लिहायचं नाही, लिहिलं तर हे काम आपलं नव्हे. ती गप्प बसली. एक दिवस काय होतंय, म्हणाली मनाशी.

तो एक दिवस म्हणजे आजचा गुरुवार.

"बजाबाई! आरोही गेली!" शेवटी ऋतुजाचा आवाज फुटला.

बजाबाई मागच्या मोरीवर खेळणी धूत होती. साबणाच्या हातानं धावत आली, दार बघितलं, आणि तशीच मागं वळून पाण्याच्या हौदाकडं पळाली. वैजयंती मॅडम रस्त्याकडं धावल्या, पायात एकच चप्पल. ऋतुजा फाटकात उभी राहिली. डावीकडं रस्ता, उजवीकडं बोळ. ट्रकचा भोंगा वाजला की तिच्या छातीत धस्स होई आणि भोंगा थांबला की त्याहून जास्त होई.

येडू म्हणायचा, हरवलेलं मेंढरू वाट बघून जात न्हाय, वढ बघून जातं. आरोहीची ओढ कशाची? पंख्याची. भोवऱ्याची. उलट्या सायकलीच्या चाकाची. गरगर फिरणाऱ्या कशाचीही.

तेवढ्यात वारा फिरला आणि ऋतुजाला ठसका लागला. मिरची. बोळाच्या टोकाला वीरभद्रप्पाचं मिरची कांडप होतं, वर्षाचं तिखट करायचे दिवस, सकाळपासून सुरू. आणि त्या कांडपाला पुरुषभर उंचीचं चाक होतं.

ती अनवाणी धावली. तापलेल्या सिमेंटनं तळपाय भाजले, ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

पत्र्याच्या शेडमध्ये धडाधडा आवाज, लाल धुरळा, तोंडाला पदर लावून बाकावर बसलेल्या दोन बाया डोळे मिटून शिंकत होत्या. वीरभद्रप्पा नाकाला पंचा बांधून पाठमोरा. आणि पलीकडं, चाकापाशी, आरोही. चाकात आणि तिच्यात एका वितीचं अंतर. चाकाच्या वाऱ्यानं तिच्या फ्रॉकची झालर फडफडत होती. पट्टा सळसळत जात होता. भल्याभल्यांच्या डोळ्यांतून पाणी काढणारी ती मिरची, पण पोरीची पापणी हलत नव्हती.

ऋतुजाच्या तोंडाशी हाक आली होती. तिनं दातांनी ओठ धरला. हाक मारली की आरोही पुढं पळते. मागनं धरलं की सगळं अंग पुढं झोकून देते. हे तिला कुणी सांगायला नको होतं, त्या फायलीत तिनंच लिहिलं होतं, आणि तेवढं तरी खरं लिहिलं होतं.

ती चार हात अलीकडं थांबली. खाली उकिडवी बसली. मनगटातलं चांदीचं कडं काढायला गेली तर निघेना, घामानं बोटं निसटत होती. निघालं. फरशीवर उभं धरून गिरकी दिली. कडं दोन पावलं लडखडलं आणि आडवं पडलं.

चाक फिरत होतं. झालर फडफडत होती.

बिरोबा, म्हणाली ती, एवढं फिरव. परत उभं केलं, परत गिरकी दिली. या वेळी कडं फिरलं, चांदीचा नुसता गोळा दिसावा असं. आरोहीची मान वळली. कड्याकडं बघितलं. मग चाकाकडं. मग कड्याकडं. एक पाऊल आली. कडं मंदावलं, ऋतुजानं श्वास धरून त्याला पुन्हा फिरवलं. दुसरं पाऊल. तिसरं. आरोही खाली वाकली आणि ऋतुजानं तिच्या कमरेला विळखा घातला.

तेव्हा कुठं वीरभद्रप्पा वळला. "अय्यो शिवा!" त्यानं झडप घालून बटण दाबलं. "ए तंगी, ए बहिणी, कुणाचं लेकरू हे? चाकापाशी कसं काय आलं?"

बटण बंद झाल्यावरही ते चाक कितीतरी वेळ फिरत राहिलं, आणि ते पुरतं थांबेपर्यंत ऋतुजानं मिठी सोडली नाही. आरोही तिच्या खांद्यावरून चाकच बघत होती, सुखानं.

पण खरी भीती अजून पुढं होती.

बंगल्यावर परतली तर आरोहीची आई प्रियंका तिला न्यायला आलेली. तिनं पोरीला हिसकावून छातीशी धरलं आणि बजाबाईवर तुटून पडली. "दार बघायला ठेवलंय ना तुम्हाला? झोपला होता का? मॅडम, ही बाई उद्यापासून इथं दिसली नाही पाहिजे!"

बजाबाई खाली मान घालून उभी. हाताचा साबण कोरडा होऊन पांढरा झालेला. "चुकलं, ताई," म्हणाली.

"त्यांचं काही चुकलं नाही," वैजयंती मॅडम म्हणाल्या. त्यांना अजून धाप लागत होती. "स्टूल मी काढायला लावलं. आकडे चांगले आले होते." मग त्या ऋतुजाकडं वळल्या. "बरोबर होते ना गं आकडे? की एखादी नजरचूक झाली?"

नजरचूक. किती सोपं दार उघडून दिलं होतं बाईंनी. व्हय म्हणायचं, आणि बाहेर पडायचं. नजरचुकीला कोण फाशी देतं? बजाबाईच्या पांढऱ्या हातांकडं ऋतुजाचं लक्ष गेलं.

"नजरचूक नाही, मॅडम," ती म्हणाली. "दिसलं होतं. लिहिलं नाही. रोज एक. तिन्ही दिवस तीनदा पळाली ती."

प्रियंकाचा राग एकदम उतरला आणि तोंड पांढरं पडलं. ते रागापेक्षा वाईट होतं.

"तुमचा कागद बघून," ती हळू म्हणाली, "घरच्या दाराची वरची कडी काल काढली मी. तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही."

पोरीला घेऊन ती गेली. ऋतुजा भिंतीला टेकून खाली बसली आणि बसूनच राहिली. वैजयंती मॅडमनी तिचे सगळे जुने कागद काढले आणि एकेकावर तिरकी रेघ ओढली.

"महिनाअखेरची पारख रद्द. चाळीस तास पुन्हा पहिल्यापासून, आणि तीन महिने माझ्या डोळ्यांसमोर. खोटं लिहिणाऱ्याला आम्ही ठेवत नाही. स्वतःच्या तोंडानं सांगणाऱ्याला एकदा ठेवतो." मग कागद गोळा करत म्हणाल्या, "एकदाच."

संध्याकाळी तिनं आजीला फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं, कोकरांपासून कड्यापर्यंत. पलीकडं मेंढरं ओरडत होती.

"कोकरं मोजू नको म्हनलं व्हतं मी," म्हाळसाबाई म्हणाली. "लांडग्याची पावलं मोजू नको, आसं कुटं म्हनलं? रोज सकाळी वाघराच्या भवतीनं माती बगत फिरायचो आमी. काल दोन पावलं, आज चार. एक बी सोडायचो न्हाय. सोडलं की मेलं." मग म्हणाली, "त्या साली तू मोजलीस म्हून न्हाय गेली कोकरं. त्या आठवड्यात माती बगायला मीच गेले न्हवते. गुडघा धरला व्हता."

"मग तवा का न्हाय बोललीस?"

"तुला शाळंत गेलेलीला बोलनं हुईना, मला तर शाळाच न्हाय," म्हातारी म्हणाली. "जेव आता."

आठ दिवसांनी प्रियंकानं आरोहीला परत आणलं. "बसा तुम्हीच," म्हणाली, "पण मी खिडकीतून बघणार." आणि तीन महिने ती खिडकीतून बघत राहिली. त्या नजरेनं ऋतुजाच्या पाठीला रोज घाम फुटे, तो वाळायला रोजची घरची वाट पुरत नसे.

पारखेच्या दिवशी आरोहीचं काही तरी बिनसलं होतं. बजाबाई दारात स्टुलावर बसली होती, तिच्यापर्यंत ती चारदा धावत गेली. ऋतुजानं चार रेघा ओढल्या. तास संपायला दोन मिनिटं असताना आरोही पाचव्यांदा उठली. मनगट आखडलं. कडं पेन्सिलीवर टेकलं. वैजयंती मॅडम आपल्या कागदाकडं बघत होत्या, खिडकीत प्रियंका उभी होती, आणि छातीत ते जुनं, वयाच्या नवव्या वर्षीचं धस्स झालं, जसंच्या तसं.

तिनं पाचवी रेघ ओढली.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पाच आणि पाच. सही केली, आणि म्हणाल्या, "आता परीक्षेचा अभ्यास कर."

"आगं, वाईट आकडा आला की," बजाबाई दारातून म्हणाली. "आन् हसतीस काय?"

ऋतुजा हसत नव्हती खरं तर. तिचे दात वाजत होते. ती उठली, दाराशी गेली आणि त्या गुरुवारनंतर बसवलेली वरची कडी लागलीय का ते हातानं चाचपून बघितलं. बजाबाई तिथंच बसलेली होती, तरी.