उरलेले अलंकार

काल संध्याकाळी इंदिरानगरच्या आमच्या हॉलमध्ये मी क्लास घेतला. मराठीतल्या अलंकारांचा... मी, ज्याने नोकरीभर पाइपलाइनचे नकाशे काढले.

हे कसं झालं ते सांगतो. मागच्या महिन्यात माझी बायको वैशाली गेली. ती घरी कॉलेजच्या मुलींना मराठी शिकवायची. दशक्रियेला गोदाकाठी मुलाने पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना...

मेहुणा म्हणाला, "ताई, भाऊजींना आम्ही एकटं पडू देणार नाही." मुलाने नातीचं नाव घेऊन बघितलं. कावळे कठड्यावर बसून होते. ऊन चढत चाललं होतं.

मग तिची विद्यार्थिनी सायली माझ्या मागून हळूच म्हणाली, "काका, मॅडमचे अलंकार अर्धेच झालेत. आमची परीक्षा आलीये." मी गडबडलो. हात जोडले आणि बोलून गेलो, "उरलेले मी शिकवीन."

कावळा शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मला मात्र घाम फुटला. उपमा कुठे संपते आणि रूपक कुठे सुरू होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. आणि शब्द दिलेला तिला, चारचौघांत...

तेव्हापासून धड झोप नाही. सकाळी व्याख्या पाठ करतो, चहा उकळेपर्यंत विसरतो. माझ्यामुळे मुलींचे मार्क गेले तर वैशालीला काय सांगू?

काल व्याजस्तुती होती. म्हणजे वरवर निंदा आणि आतून स्तुती, किंवा याच्या उलट. व्याख्या कशीबशी सांगितली आणि उदाहरणाला अडलो.

सायली म्हणाली, "काका, ते आम्हाला येतं. मॅडम अकरावीपासून एकच द्यायच्या. 'आमच्या ह्यांच्याशी भांडायचीसुद्धा सोय नाही. मी तास तास बोलावं आणि यांनी नुसतं ऐकून घ्यावं. अशा माणसाबरोबर कसा संसार करायचा, सांगा!'" मुली हसल्या, मग माझ्याकडे बघून त्यांनी वह्यांत डोकी घातली.

हे वाक्य मी आतल्या खोलीतून कितीदा तरी ऐकलं होतं. पाठोपाठ मुलींचं हसणंही. वाटायचं, माझी तक्रार चाललीय... मग मी टीव्हीचा आवाज थोडा वाढवायचो.

वाक्य फळ्यावर लिहिलं. व्याख्येखाली, उदाहरण म्हणून. अक्षर जरा वाकडं आलं.

अजून बरेच अलंकार बाकी आहेत आणि भीती आहे तशीच आहे. पण त्या दिवशी इतका वेळ थांबून राहिलेल्या कावळ्याचे मनापासून आभार.