सासूबाईंची रोझरी

अक्षर किरटं आहे, काने-मात्रे चुकतील, माफी असावी. चौथीनंतर हातात पेन्सिल कमी आणि मासळीची सुरी जास्त आली.

विरारला तपसाधनेत एक बाई अनोळखी भाषेत बोलू लागली. दुसरीने उठून त्याचा अर्थ सांगितला. पवित्र आत्म्याचं दान, असं फादर म्हणाले. मी तोंडाला पदर लावून हसले. शेजारी सासूबाई होत्या. "मुके, प्रार्थनेला तोंड उघडत नाय, हसायला बरं उघडतं!" सगळ्या रांगेने ऐकलं.

माझ्या बापाने त्यांना होडीच्या इंजिनासाठी चाळीस हजार दिले होते. देताना साक्षीदार नव्हता. परत मागितले तेव्हा अर्नाळ्याच्या बंदरावर चारचौघांत त्या म्हणाल्या, "कसले पैसे? म्हातारा दारूत बोलतो." बाप दारूला शिवत नसे. खोटारडा ठरूनच तो मेला.

पुढे सासूबाईंना लकवा झाला. उजवं अंग गेलं, जीभ गेली. तरी संध्याकाळची रोझरी त्याच सांगायच्या. मणी ओढत बरळायच्या आणि घरचे ‘नमो मारिया’ समजून पुढचं म्हणायचे.

एका संध्याकाळी मला ते बरळणं कळलं. कसं, ते सांगता येत नाही. प्रत्येक मण्याला त्या म्हणत होत्या, "तुज्या बापाचे पैसे सायबिणीमागं हायत, मुके." आणि घर भक्तीने उत्तर देत होतं.

मी ते मोठ्याने सांगितलं. नवरा हसला. "मुकीला वाचा फुटली! आता ही अर्थ सांगणार."

मी स्टुलावर चढून सायबिणीची, म्हणजे मरियामातेची, तसबीर उतरवली. मागच्या पुठ्ठ्यात पुडकं होतं, जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने बांधलेलं. गाठ बापाचीच. आत जुन्या पाचशेच्या नोटा, केव्हाच बंद झालेल्या. इंजिन त्यांनी कर्जावर घेतलं होतं. हे पैसे त्यांनी खर्चलेही नव्हते.

खाटेवरून आवाज आला. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"म्हणतात, घे आता, चुलीत घाल."

नवऱ्याचं हसू मावळलं. तपसाधनेतल्या त्या दानाबद्दलचा माझा संशयही तिथेच संपला. देवाने दान दिलं, तेही शिव्या समजायचं. पाणी मागतानासुद्धा शिवी आधी येते. मी दोन्ही ऐकते.

"चालतील अशा नोटा माझ्या आईला द्या," मी नवऱ्याला म्हटलं.

सासूबाईंच्या मेलेल्या हातातली पाटली साबण लावून मीच काढली. हात सुजलेला होता, कातडी सोलली. त्या बघत राहिल्या, मी थांबले नाही. पाटली विकून कमी पडले ते नवऱ्याने मासळीच्या हंगामात भरले. गेल्या रविवारी मिस्सा सुटल्यावर, बापाला जिथे खोटारडा म्हटलं त्याच बंदरावर, त्याने माझ्या आईच्या हातात शेवटचे पैसे ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हाताऱ्याचे चाळीस हजार. पूर्ण फिटले."