‘चार्ज’ कोणाच्या तोंडचा?

गोडांबे सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहायला मी समितीला नकार दिला होता. आता लिहिते आहे, कारण सर डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला पुण्याला जायला तयार नाहीत. “माझ्या शब्दकार्डांच्या डब्यांचा चार्ज कोणी घेतला, ते आधी छापून येऊ दे, मग जातो,” असा त्यांचा हट्ट आहे. साठीच्या सत्काराला लोक थांबतील. काचबिंदू थांबत नाही.

सरांना मी प्रथम पाहिले ते पौडच्या शाळेत, मी तिथे शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा, फळ्यापाशी. फळ्यावर ‘चार्ज’ हा इंग्रजी शब्द होता आणि खाली अर्थांऐवजी ठिकाणे लिहिली होती: चौकी, दवाखाना, बॅटरीचे दुकान, शाळेचे कार्यालय. मुलांनी तिथे जाऊन, शब्द वापरणाऱ्यालाच अर्थ विचारायचा आणि त्याच्याच भाषेत कार्डावर उतरवायचा. मी म्हटले, “कोशात लगेच सापडेल की.”

“सापडेल. पण कोशाला उलटा प्रश्न विचारता येत नाही, बाई.”

मला हा वेळेचा अपव्यय वाटला. पुढे एका सकाळी रखमाबाई शाळेच्या ओट्यावर आल्या. मेंढ्या राखणारे कुटुंब. सरकारी कुरणात चराई केली म्हणून नवऱ्याला चौकीत नेले होते.

“मास्तर, हवालदार म्हनला, चार्ज लावतो. दुकानदार म्हनतोय, तारा लावत्यात, बॅटरीला लावत्यात तशा. खरं हाय का वो?”

चार्ज लावतात म्हणजे आरोप ठेवतात, एवढे सांगून मी त्यांना घरी पाठवणार होते. सरांनी मला थांबवले.

“शब्द चौकीतला आहे ना? मग चला चौकीत.”

वर्ग माझ्यावर सोपवून ते रखमाबाईंना घेऊन निघाले. दुपारभर मला चैन नव्हते. मास्तर चौकीत जाऊन जाब विचारतात, अशी कागाळी वर गेली असती तर त्यांची नोकरी राहिली नसती.

तिथे काय झाले, ते रखमाबाईंनीच सांगितले. सरांनी विचारले, “चार्ज कोणता?” हवालदार म्हणाला, “अजून कसला, मास्तर? माले गावचे पाटील येऊन मेंढ्यांच्या कानांवरची खूण बघतील, मग ठरंल. ही बाई पुरतं ऐकायच्या आधीच पळाली!”

सर स्वतः मालेला जाऊन पाटलांना घेऊन आले. कुरणातल्या मेंढ्या दुसऱ्याच कळपाच्या निघाल्या. दिवेलागणीला नवरा सुटला. रखमाबाई त्याला म्हणाल्या, “मास्तरांनी मला माघारी आणली म्हनून. न्हाईतर मी पोरं घिऊन भावाकडं ऱ्हायला निगाले हुते. पाटलाला बोलवाया कोन गेलं आसतं?”

दुसऱ्याच्या भीतीपाशी असे चालत जाणारे सर आता स्वतःच्या भीतीपाशी अडले आहेत. डब्यांचा हट्ट हे निमित्त. शस्त्रक्रियेने दृष्टी जाते, हे त्यांनी ओट्यावरच्या मंडळींकडून ऐकले, आणि मानले! डॉक्टरांना एक प्रश्नही विचारलेला नाही. हे त्यांना शोभत नाही, आणि मला रात्री झोप लागत नाही. सरांनी शंभरी गाठावी, आणि तोवर आपली कार्डे आपल्याच डोळ्यांनी वाचावीत, एवढेच मागणे.

पोच: गोडांबे सरांकडून शब्दांच्या कार्डांचे सर्व डबे, किल्लीसह, मला मिळाले. ‘ऑपरेशन’चे कार्ड मी परत केले आहे. त्यावर गणित आहे, लष्कर आहे. दवाखान्यापुढची जागा कोरी आहे. ती सरांनी तिथे विचारून, स्वहस्ते भरून आणावी. तोवर माझा ताबा, म्हणजे शाळेच्या कार्यालयातला ‘चार्ज’, अपुरा आहे.