बाबांचा मॉनिटर आणि कोहळ्याच्या वड्या

मित्रांनो, दुपारपासून डोकं चालेना झालंय.

नागपुरात ऑफिसात आम्ही तिघं प्रोग्रामर रोज डबा खाताना शेअरवरून भांडतो. मी दरवेळी सांगतो, "माझे बाबा दिवसभर कॉम्प्युटर लावून बाजार बघतात, तरी एकही शेअर विकत नाहीत." हे ऐकून त्या दोघांनीही विकले नाहीत.

आज बाबांचा तो पेटीएवढा जुना मॉनिटर बदलायला नवा, चपटा घेऊन गावी, मुर्रीला आलो. कॉम्प्युटर चालू होता. पण स्क्रीनवर बाजार नव्हताच, आणि मॉनिटरच्या डोक्यावर पेपर टाकून कोहळ्याच्या वड्या वाळत होत्या.

आई म्हणाली, "आंगणात वांदरं खाऊन जातेत. हा डब्बा दिवसभर गरम राह्यते."

"अन् शेअर?" मी बाबांना विचारलं.

"दोन साल झाले, पाह्यलेच नाही. पासवर्डच भुललो. काऊन, वाढले का?"

वाढलेत ना! म्हणूनच तर काय करावं समजेना.

आईनं नव्या मॉनिटरची कड चाचपली. "याच्यावर तर एक वडी नाही मावत."

खोकं पुन्हा बांधून ठेवलंय. आता तुम्हीच सांगा, सोमवारी त्या दोघांना खरं सांगू? सांगितलं तर ते लगेच विकतील.