चांदीची पट्टी

मघाशी काळे पडलेले पैंजण रिठ्याच्या पाण्यात भिजत घातले आणि त्या उग्र वासासरशी सासूबाईंचा पाय डोळ्यांपुढं आला. हुपरीत पैंजणांच्या कड्या जोडण्यात त्यांचा जन्म गेला. एकदा तापलेली कडी पायावर पडली, त्यात त्यांना शुगर, जखम चिघळली. दोनदा अँटिबायोटिक बदललं तरी पू थांबेना. शेवटी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी त्या गोळ्या थांबवून चांदीचं औषध असलेली पट्टी बांधली आणि बजावलं, "तीन दिवस उघडायची नाही. हिनंही भागलं नाही, तर पायाचं अवघड आहे." मला कुठला धीर! भाकरी थापता थापता उठायची, पट्टीचा वास घ्यायची, त्यांच्या कपाळाला हात लावून बघायची. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी पट्टीचं टोक उचललं. आत काळंकुट्ट! पाय सडला म्हणून मी रडायलाच लागले. त्या जाग्या झाल्या, वाकून बघितलं आणि खेकसल्या, "अगं, चांदी हाय न्हवं ती? काळी पडणारच की! ह्या घरात नांदतीस आन् एवढं कळंना व्हय?" तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. पू थांबला होता, पण सुटलेलं टोक बघून ते तडकले, "कुणी उघडली?" मी मान खाली घातली. सासूबाई म्हणाल्या, "मीच की. हात गप बसंनात माझं." पैंजण तासभर भिजायला हवेत. मी आत्तापर्यंत चारदा काढून बघितले, आणि आता माझ्यावरचं स्वतःवर घ्यायला घरात कुणी नाही.