तिसऱ्या हाकेआधी

नोरीनमावशी गेल्याचं मला आन्सरिंग मशीनवर कळलं. जानेवारीचे पहिले दिवस होते. ऑफिसातून येऊन मी अंगावरचे कपड्यांचे थर उतरवत होते आणि मशीनने आधी तिचा आदल्या संध्याकाळचा निरोप ऐकवला, "उचल गं, घरात आहेस हे मला खिडकीतून दिसतंय," आणि त्याला लागूनच तिच्या बॉस्टनच्या भाच्याचा अवघडलेला आवाज, की आँट नोरीन आज पहाटे झोपेतच गेल्या... मी कोट हातात धरून उभीच राहिले. त्या संध्याकाळी मी खरोखर घरात नव्हते, दिवा चुकून राहिला होता, हे आता सांगायचं कुणाला?

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात ती आमच्या शेजारच्या घरात एकटी राहायची. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातून लग्न करून इकडे आली, नवरा गेला, मूल नव्हतं. इथे ऐंशीच्या बाईलाही नुसत्या नावाने हाक मारतात. माझ्या नागपुरी जिभेला ते काही जमेना, म्हणून मी नावाला मावशी जोडून टाकलं. मावशी म्हणजे आईची बहीण, असं सांगितल्यावर स्वारी खूश. पुढे फोनवर स्वतःच म्हणायची, "माओशी बोलतेय." स्वभावाने हट्टी, चहाच्या बाबतीत तर असह्य. माझ्या आल्याच्या चहाला ती सूप म्हणायची आणि दोन कप प्यायची.

२००४च्या जानेवारीच्या शेवटच्या दिवशी तिने मला बोलावलं. म्हणाली, उद्या ब्रिजिडचा सण, उद्यापासून वसंत. बाहेर तळं गोठून दगड झालेलं, आणि हिचा वसंत! मी हसले तशी ती रागावली. तिच्या गावी जुन्या हिशेबाने वसंत तेव्हाच लागायचा, मेंढ्यांना पान्हा फुटायचा त्या सुमाराला. चर्च म्हणतं, हा संत ब्रिजिडचा दिवस. पण तिच्या गावातल्या म्हाताऱ्या सांगायच्या की संत नंतरची, त्याआधी त्याच नावाची देवी होती, चुलीची, दुभत्याची, बाळंतिणींची. पाद्र्यांनी तिला हाकललं नाही, नुसता डोक्यावरचा पदर बदलला. सणाच्या आदल्या संध्याकाळी ती घरोघर येते. तिच्या वतीने घरातल्या एका मुलीने लव्हाळ्यांची जुडी घेऊन अंगणात जायचं आणि हाक मारायची, "ब्रिजिडला आत घ्या." आतल्यांनी "ये बाई, ये" म्हणायचं, की दार उघडायचं. मग त्याच लव्हाळ्यांचा क्रॉस विणून दारावर लावायचा, वर्षभर. गौरी आणताना उंबऱ्यावर आमचेही सवाल-जवाब चालतात, त्यामुळे मला यात नवल काहीच वाटलं नाही. मी आत बसले, ती तळ्याकाठून आणलेली सुकी लव्हाळी घेऊन बाहेर गेली.

आणि हाक आली. आवाज तिचा नव्हता. बारीक, लहान मुलीचा असावा तसा होता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि लहानपणापासून बजावलेलं सगळं एकदम आठवलं. तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तो तिसऱ्यांदा हाक मारेल, दुसरं काही असेल तर मारणार नाही. मी गप्प बसले. पुन्हा हाक आली, तरी गप्प. तिसऱ्या हाकेला कशीबशी म्हणाले, "ये गं, ये."

मावशी आत आली ती पांढरीफटक. "आधी का नाही बोललीस?" मी हसत हसत आमच्याकडची रीत सांगितली. ती हसली नाही. खुर्चीत बसली, जुडी मांडीवर ठेवली आणि मग तिने ऊनाची गोष्ट सांगितली. ऊना ही तिची थोरली बहीण, दरवर्षी हाक मारायचा मान तिचा. एका हिवाळ्यात ती तापाने गेली. त्या वर्षी सण करायचा नाही असं आईने ठरवलं. सगळे जेवायला बसले होते आणि अंगणातून हाक आली. तीनदा. वडिलांनी ताटावरून मान वर केली नाही. आईने टेबलाखाली नोरीनचा हात इतका घट्ट दाबला की दुसऱ्या दिवशी वळ होते. कुणीच ओ दिली नाही.

"पुढच्या वर्षी हाक आली नाही," मावशी म्हणाली. "तिला वाटलं असेल, आम्हाला ती नकोय."

त्यानंतर दरवर्षी ती बाहेर जायची, मी आत बसायचे आणि पहिल्या हाकेलाच ओ द्यायचे. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? गेल्या वर्षी आमच्याही दारावर एक क्रॉस लावताना ती सहज म्हणाली, "मी गेल्यावर मला तिसऱ्या हाकेपर्यंत ताटकळत ठेवू नकोस हं. बाहेर फार थंडी असते." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस मावशी! तिने माझा हात धरला. "कबूल कर." मी कबूल केलं.

यंदा ती संध्याकाळ आली तेव्हा तिच्या घरात अंधार होता, समोर विक्रीची पाटी. मी वरणाला फोडणी देत होते. माझी सात वर्षांची सई टेबलावर होमवर्क करत होती. तिने पेन्सिल थांबवली.

"आई, समवन इज कॉलिंग."

मीही ऐकलं होतं. शब्द कळले नव्हते, पण आवाज बारीक होता.

"विंड आहे यार," लॅपटॉपवरून नजर न काढता माझा नवरा मंदार म्हणाला. "बाहेरच्या भिंतीचं सायडिंग लूज झालंय, स्प्रिंगमध्ये फिक्स करतो."

असेलही. गप्प राहिले असते तर दोन मिनिटांत खरं-खोटं कळलं असतं, आमच्याकडची रीत त्यासाठीच आहे. पण मला ते कळून घ्यायचंच नव्हतं. ती बाहेर असली तर? आणि पुन्हा तेच झालं तर?

"ये मावशी, ये," मी जोरात म्हणाले आणि जाऊन दार सताड उघडलं.

दारात कुणी नव्हतं. पायऱ्यांवरचा बर्फ जसाच्या तसा होता, एकही पाऊल उमटलेलं नाही. थंडी आत आली, आणि तिच्याच हातचा गेल्या वर्षीचा क्रॉस चौकटीवर जरासा हलला.

"हू केम?" सईने विचारलं.

"मावशी," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. मंदारने आता मात्र लॅपटॉप मिटला. आम्ही तिघंही कान देऊन होतो. दुसरी हाक आली नाही.